मदत हवी आहे : हॉकी कार्डांवरील छपाईच्या चुका कशा ओळखाव्यात?

टोरांटोहून दादरला परतलेल्या मामांनी आइस हॉकीच्या कार्डांचे (खेळाडूंची छायाचित्रे छापलेली, संग्रहासाठीची पुठ्ठ्याची कार्डे) खोके माझ्याकडे सोपवले असून त्यांत ओ-पी-ची या कंपनीची १९७९-८० च्या हंगामातील आणि प्रो सेट या कंपनीची १९९०-९१ च्या हंगामातील कार्डे आहेत. (आपल्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंदच आठवतात, त्यामुळे विचारावे कोणाला हाच प्रश्न आहे.) प्रो सेटच्या त्या पहिल्या हॉकी मालिकेत चुका पुष्कळ होत्या व त्यांतील अनेक नंतर दुरुस्त झाल्या, तेव्हा एकाच क्रमांकाच्या, पण मजकुरात फरक असलेल्या दोन कार्डांपैकी दुर्मीळ कोणते, हे कशावरून ठरवावे?

ओ-पी-चीबाबत अडचण वेगळी आहे. ही कार्डे तारेने कापली जात, त्यामुळे खडबडीत कडा हा दोष मानत नाहीत, आणि मागे इंग्रजीसोबत फ्रेंच मजकूरही असतो, एवढे मला ठाऊक आहे. मात्र काही कार्डांवर रंग किंचित सरकलेले आहेत, तर एकाची मागची बाजू पूर्ण कोरी आहे. रंग सरकणे किरकोळ असावे, असे माझे मत; परंतु कोरी पाठ ही छापखान्यातील खरी चूक आहे की नंतर कोणी केलेली लबाडी, हे भिंगाखाली ओळखण्याची काही रीत आहे का?

मुंबईत अशी कार्डे प्रत्यक्ष पाहून सांगणारे जाणकार माहीत असल्यास कृपया कळवावे. पावसाळ्यातील दमट हवेत पुठ्ठा वाकू नये म्हणून प्लास्टिकच्या पाकिटांसोबत सिलिका जेल पुरेसे ठरते का, हेही अनुभवी संग्राहकांनी सांगावे.