लागोसला दोन वर्षं ‘काढायची’ की राहायचं?

इकेजाकर: कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. ‘कंपाउंड ते फॅक्टरी, फॅक्टरी ते कंपाउंड. दोन वर्षं काढा, पैसे साठवा, निघा. लागोसमध्ये राहण्यासारखं काही नाही.’ अहो, दारच उघडलं नाही तर दिसणार काय? नऊ वर्षं झाली मला. सुरुवातीला मीही गाडीत बसलो की नुसतं ऑफिसचं नाव सांगायचो. ड्रायव्हर वयाने मोठा. एके दिवशी म्हणाला, ‘ओगा (म्हणजे साहेब), आमच्यात आधी विचारपूस करतात.’ दुसऱ्या दिवशी ‘ए कारो’ म्हणालो, इथल्या योरुबा भाषेत ‘शुभ सकाळ’. त्या दिवसापासून तो घरचा माणूस झाला.

दोनवर्षवाला: पोस्ट माझीच. तुमचा पगार डॉलरमध्ये असेल. माझा अर्धा नायरात, म्हणजे इथल्या नायजेरियन चलनात होता. जून २०२३ मध्ये इथल्या सेंट्रल बँकेने नायराचा दर बाजारावर मोकळा सोडला. आधी डॉलरला ४६०-४७० नायरा पडायचे, पुढच्या वर्षी १५०० च्या वर गेले. मुलीच्या फीचं गणितच कोलमडलं. मला ‘ए कारो’ शिकवू नका.

सोलापूरची: मध्येच विचारते, राग नको. नवरा पुढच्या महिन्यात निघालाय. सासूबाई म्हणतात दहा किलो ज्वारीचं पीठ बांधून दे. लागेल का?

इकेजाकर: कशाला! उत्तर नायजेरियात ज्वारीच पिकते. गिनी कॉर्न म्हणतात, उत्तरेकडच्या हौसा लोकांच्या दुकानात ‘दावा’ मागा. पांढरी घ्या.

लेक्कीची काकू: दळणाचं कोण सांगणार? माझ्या आधी कुणाचा तरी वाळवलेला याम (सुरणासारखा कंद) दळला होता, भाकरी तपकिरी आणि चिकट झाली. आता गिरणीवाल्या बाईला पहिलं ओंजळभर पीठ बाजूला काढायला सांगते. आणि आकारा खाऊन बघा. सोललेली चवळी वाटून, कांदा-मिरची घालून तळतात. आपले वडेच की! माझा मुलगा डब्यात नेतो.

सोलापूरची: काकू, पीठ थापताना तुटतं का?

लेक्कीची काकू: शिळं असेल तर तुटणारच. पाणी कडकडीत हवं.

दोनवर्षवाला: इथे माणसाची बचत बुडाली आणि तुम्ही भाकऱ्या थापताय! मुलीला मलेरिया झाला तेव्हा मी एकटा होतो.

लेक्कीची काकू: भाऊ, मलेरिया आमच्याकडे तिघांना झाला. अख्ख्या लागोसमध्ये कुणीच धावून आलं नाही?

दोनवर्षवाला: आलं. रात्री अडीचला आमच्या जनरेटरचं डिझेल संपलं. मुलगी तापाने फणफणलेली, पंखा बंद. शेजारच्या योरुबा बाईने आपल्या जनरेटरची वायर आमच्या खिडकीतून आत दिली. दीड वर्षात तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. तेवढं मान्य. पगाराचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

इकेजाकर: सोडू नका. त्यात तुमचंच खरं आहे. सोलापूरच्या ताई, करारात पूर्ण पगार डॉलरमध्ये लिहून घ्यायला सांगा, सही त्यानंतर.

सोलापूरची: आजच सांगते. पीठ दोनच किलो देते. तवा मात्र इथूनच जाईल.