पिकअपसाठी स्वतः ऑफ-रोड बंपर बनवणे : जाडी, बसवण्याची पद्धत आणि कायदा यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

भातखाचर (प्रश्न)

नमस्कार. मी कोथरूडला राहतो आणि माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस हा दुहेरी केबिनचा पिकअप आहे. मुळशी खोऱ्यात आमची भातशेती असून डांबरी रस्ता सोडल्यावर तिथे पोहोचण्यासाठी एक ओढा ओलांडावा लागतो. पलीकडची दरड चढताना कंपनीच्या प्लॅस्टिक बंपरची खालची कड कातळाला घासते, आणि आषाढात गाडी चिखलात रुतली की ट्रॅक्टरने ओढून काढण्यासाठी पुढच्या बाजूला दोन भक्कम जागा हव्यात असे वाटते. म्हणून ५ मिमी जाडीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटचा, कोपरे वर उचललेला बंपर स्वतः बनवावा असा विचार आहे. आर्क वेल्डिंगचे यंत्र, ग्राइंडर आणि ड्रिल माझ्याकडे आहे. कटिंग-बेंडिंग भोसरीत करून घेईन. ५ मिमी जाडी योग्य आहे का, बंपर चेसिसला कसा जोडावा, एअरबॅगवर काही परिणाम होईल का आणि आरटीओचे नियम काय आहेत, हे कृपया सांगावे.

लोखंडकाम

आधी वजन काढा, कारण जाडीचा निर्णय वजनावरच ठरतो. एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाडी एवढ्या पोलादाचे वजन ७.८५ किलो भरते. तुमच्या बंपरची प्लेट उलगडून १.८ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद धरली, तर ५ मिमीमध्ये नुसत्या दर्शनी पत्र्याचेच ३५ किलो होतात; ३ मिमीमध्ये तोच पत्रा २१ किलोंचा होतो. कंस, आतल्या आधारपट्ट्या, पाइप आणि बोल्ट मिळवले की ५ मिमीचे काम सहज ६० किलोंवर जाते. शिवाय हे वजन पुढच्या आसाच्याही पुढे लटकते. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर) ३.१ मीटर आणि बंपर आसाच्या ८० सेंटिमीटर पुढे धरला, तर ६० किलोंच्या बंपरने पुढच्या आसावर सुमारे ७५ किलो वाढतात आणि मागच्या आसावरचे १५ किलो कमी होतात. पुढच्या स्प्रिंग तेवढ्या दबल्या म्हणजे कोपरे उचलून मिळवलेल्या उंचीतला काही भाग तिथेच परत जातो. विंच (गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) बसवायची असेल तर आणखी ३५ ते ४० किलो धरा. माझ्या मते दर्शनी भागाला ३ मिमी पुरेसे आहे. जाड प्लेट फक्त चेसिसला जोडणाऱ्या कंसांना वापरावी, कारण बळ तिथून जाते.

सुरक्षित चाक

वजनापेक्षा मोठा प्रश्न एअरबॅगचा आहे. प्लॅस्टिकच्या आवरणामागे पोलादी आडवी तुळई असते, आणि तिच्यापासून चेसिसच्या टोकांपर्यंतचा भाग धडकेत ठरावीक पद्धतीने चुरगळावा अशी त्याची रचना असते. वेग किती झपाट्याने कमी होत आहे हे पाहून एअरबॅगचे नियंत्रण काही सहस्रांश सेकंदांत निर्णय घेते, आणि तो हिशेब कंपनीने मूळ रचनेवर चाचण्या करून बसवलेला असतो. तुळई काढून तिथे न दबणारे लोखंड चेसिसला थेट जोडले, की किरकोळ धक्क्यात एअरबॅग अकारण उघडणे किंवा मोठ्या धडकेत ती उशिरा उघडणे, या दोन्ही शक्यता निर्माण होतात. घरच्या कार्यशाळेत याची पडताळणी करता येत नाही.

कायद्याविषयी : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार (बंपरवर लावले जाणारे लोखंडी गार्ड) बसवणाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आणि दंड बाजूला ठेवला तरी, कडक आणि टोकदार लोखंडाची धडक पादचाऱ्याच्या मांडीला किंवा पोटाला बसते तेव्हा होणारी इजा फार गंभीर असते. तुमची गाडी रोज कोथरूड आणि पौड रस्त्यावरच्या गर्दीतून जाते, तेव्हा हा मुद्दा मी सर्वांत वर ठेवीन.

भातखाचर

दोघांचेही मनापासून आभार. मला तुळई काढावी लागेल याची कल्पना नव्हती. ती तशीच ठेवून दरडीवरचे घासणे आणि चिखलातून ओढणे, एवढ्या दोनच अडचणी सुटतील असा काही मार्ग आहे का?

गुण्या

आहे, आणि तुमच्या दोन अडचणींसाठी पूर्ण बंपरची गरजही नाही. तुळई आणि आवरण जागच्या जागी राहू द्या. घासणारी कड वाचवण्यासाठी खालून, रेडिएटरच्या तळापासून मागच्या आडव्या चॅनेलपर्यंत, ४ मिमीची स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालची संरक्षक प्लेट) बसवा. तिची पुढची कड सुमारे ४५ अंशांत वर वळवली की कातळ अडण्याऐवजी खालून सरकून जातो. इंजिन ऑइलच्या नटाखाली हात जाईल एवढे भोक ठेवा, आणि रेडिएटरमागून बाहेर पडणारी हवा कोंडणार नाही याची काळजी घ्या. प्लेट तुळईला किंवा चुरगळणाऱ्या भागाला कुठेही बांधू नका. ही प्लेट आणि पुढे सांगितलेले कंस बोल्टवर बसणारे असल्याने केव्हाही उतरवता येतात; तरीही बसवण्यापूर्वी तुमच्या आरटीओत विचारून घ्यावे.

ओढण्याच्या जागांसाठी चुरगळणाऱ्या भागाच्या मागे, चेसिसच्या दोन्ही बाजूंना, कंपनीने दिलेल्या भोकांत बोल्टने बसणारे १० मिमी प्लेटचे कंस करा. बोल्ट ८.८ किंवा १०.९ या मजबुतीच्या ग्रेडचे घ्या. बोल्टच्या डोक्यावर कोरलेला आकडा पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका. चेसिसवर वेल्डिंग अजिबात करू नका, कारण टाक्याच्या शेजारचा तापलेला पट्टा आपले मूळ गुण गमावतो आणि तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. शॅकल (पट्टा अडकवण्याची पिन असलेली कडी) किमान ४.७५ टन क्षमता कोरलेले, म्हणजे पाऊण इंची, वापरा. ट्रॅक्टरने ओढताना साखळीऐवजी योग्य क्षमतेचा पट्टा घ्यावा आणि दोन्ही कंसांना मिळून ब्रायडल (ओढ दोन्हीकडे वाटणारा दुहेरी पट्टा) लावावा, म्हणजे ओढ एकाच बाजूला येणार नाही. तुटलेली साखळी किंवा निखळलेले शॅकल माणसाचा जीव घेऊ शकते, म्हणून ओढताना आसपास कोणालाही उभे राहू देऊ नये.

जोडकामाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आधी पुठ्ठ्याचा साचा गाडीखाली धरून पाहा आणि मगच प्लेट कापायला द्या. कंस गाडीवर बोल्टने कसून, गुण्या (काटकोन पाहण्याचे साधन) लावून कंसाचे तुकडे एकमेकांना फक्त टाक्यांनी जोडा, चेसिसला नाही. त्याआधी बॅटरीची ऋण वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावा. त्यानंतर कंस उतरवा, दोन्ही एकाच जाड अँगलला बोल्टने बांधा आणि पूर्ण वेल्डिंग जमिनीवर करा, म्हणजे ताणाने त्यांच्यातले अंतर बदलणार नाही. ७०१८ प्रकारचा वेल्डिंग रॉड वापरणार असाल तर तो कोरडाच हवा; पावसाळ्यात उघडा राहिलेला रॉड हवेतली ओल शोषतो आणि टाक्यात हायड्रोजन शिरून तडे जातात. दहा गेजचा रॉड या जाडीला चालतो. प्लेटच्या कडा तिरप्या घासून घेतल्याशिवाय १० मिमीत टाका मुळापर्यंत उतरत नाही, आणि वरून सुबक दिसणारा टाका आत पोकळ राहतो. तुमचा हात अजून बसला नसेल तर स्किड प्लेटचे काम स्वतः करा आणि कंसांचे वेल्डिंग अनुभवी वेल्डरकडून करून घ्या. यात कमीपणा मानू नये, कारण त्या टाक्यांवर माणसांची सुरक्षितता अवलंबून आहे.

लोखंडकाम

गुण्या यांच्याशी सहमत आहे. एकच भर घालतो : जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप वा पट्टी कुठेही वापरणार असाल, तर टाक्याच्या जागेवरचा मुलामा आधी घासून काढा, कारण जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो. मुळशीच्या पावसात रेड ऑक्साइडचा एक हात पुरत नाही. प्लेट वाळूने किंवा ग्राइंडरने उघडी करून झिंकयुक्त प्रायमर आणि त्यावर एपॉक्सी रंग द्यावा, वळणाच्या सखल भागात पाणी निथळण्यासाठी भोके ठेवावीत, आणि दर हंगामाआधी प्लेट उतरवून वरच्या बाजूला साचलेली माती धुवावी. प्लेट तिथूनच गंजू लागते.