ओढ्याचे पाणी ओसरले, पण तळमजल्यावर झोप लागत नाही

प्रश्न – तळमजल्यावरची रहिवासी

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याचे पाणी अरण्येश्वरजवळच्या आमच्या सोसायटीत शिरले. उंबऱ्याशी जुन्या चादरी लावून होण्याआधीच ते गुडघ्याला लागले. सासूबाईंना खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेले, तोवर स्वयंपाकघरातला सिलिंडर तरंगू लागला होता. गाळ काढून झाला, पंचनामाही झाला. सागवानी कपाटाचा वास मात्र अजून जात नाही. आता पावसाचा आवाज वाढला की मी झोपेतून उठते आणि अंधारातच फरशीला हात लावून पाहते. यजमान घर विकायचे म्हणतात, सासूबाई ऐकत नाहीत. ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांची भीती कधी गेली का?

उत्तर १ – नारायण पेठेतला जुना माणूस

ताई, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फोडले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. निदान दिवस होता, म्हणून वडिलांना आम्हाला घेऊन पर्वतीकडे पळता आले. आमचे मातीच्या भिंतींचे घर पाण्यात उभे राहिले, आणि पाणी ओसरल्यावर, भिंती वाळू लागल्या तेव्हा बसले. पुढे सहकारनगरात पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली. नदीपासून लांब, याच समाधानात आम्ही तिथे गेलो. ओढ्याचा विचार कोणाच्या मनातही आला नाही. माझी भीती दोन-तीन पावसाळ्यांत गेली. वडिलांची गेली नाही. कागदपत्रांची ट्रंक ते आषाढ लागला की माळ्यावर चढवत आणि दिवाळीला खाली काढत.

उत्तर २ – स्थापत्य अभियंता

आपल्या भीतीला मी अवाजवी म्हणणार नाही. मुठा नदीच्या पुराची थोडी तरी चाहूल लागते, कारण खडकवासल्यातून किती क्युसेक विसर्ग सोडला ते जाहीर होते आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की नदीकाठचा माणूस सावध होतो. ओढ्याचे तसे नाही. कात्रजच्या डोंगरात पडलेला पाऊस थोड्याच वेळात आपल्या भिंतीशी येतो, आणि वाटेत पात्र आवळलेले असेल किंवा पुलाखाली कचरा अडकला असेल तर तो बाजूला घुसतो. (हा ओढा पेशवाईत पर्वतीपाशी वळवलेला आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.) घर विकायचे की नाही हे आपण ठरवा, पण विजेचे मीटर मात्र पाण्याच्या खुणेच्या वर घ्यायलाच हवेत, आणि कात्रजकडे तासभर जोराचा पाऊस झाला तर त्या रात्री वरच्या शेजाऱ्यांकडे झोपण्यात संकोच करू नका.

उत्तर ३ – घर विकलेला

आम्ही विकले आणि चौथ्या मजल्यावर गेलो. पाऊस आला की मी अजूनही खिडकीतून खालचे पार्किंग पाहतो. घर विकताना एवढे धरून चाला.

मूळ प्रश्नकर्ती

काकांचे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, माळा रिकामा कर. मीटर वर घेण्यासाठीचे पत्र आज सोसायटीत दिले आहे. घराचा विषय दिवाळीपर्यंत काढायचा नाही, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे.