मदत हवी आहे: लॅरी टॅलबॉट जिवंत कसा झाला?

मध्यंतर: युनिव्हर्सल स्टुडिओच्या जुन्या भयपट मालिकेतला, पौर्णिमेला लांडगा होणारा टॅलबॉट चांदीची गोळी लागून मेला, हे मी धडधडीत पाहिले. पुढच्याच भागात तोच गृहस्थ मिशी राखून डॉक्टरांच्या दारात ‘मला बरे करा’ म्हणत उभा आहे. मधला प्रसंग माझ्या डिस्कमधून कापलेला आहे काय? रविवारी आमच्या मंडळात या मालिकेवर मला बोलायचे आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

जुनी रीळ: कोणते दोन भाग, हे आपण लिहिलेलेच नाही. टॅलबॉट १९४१ पासून १९४८ पर्यंत पाच चित्रपटांत आहे आणि तो एकदाच मेलेला नाही. शिवाय डिस्क किती मिनिटांची आहे?

मध्यंतर: चांदीची गोळी म्हटल्यावर वेगळे काय सांगायचे? १९४४ चा ‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ आणि १९४५ चा ‘हाउस ऑफ ड्रॅक्युला’. दुसरी डिस्क ६७ मिनिटांची आहे.

पौर्णिमा: उत्तर सोपे आहे. १९४३ च्या भागात चोर त्याचे थडगे उघडतात, प्रेतावर चांदणे पडते आणि तो उठतो. इथेही तेच घडले असणार.

जुनी रीळ: ‘असणार’ हे आपण पदरचे घालत आहात. १९४१ मध्ये वडिलांनी चांदीच्या मुठीच्या काठीने त्याला मारले होते, आणि पुढे तो कसा उठला हे पडद्यावर दाखवले तरी होते. १९४४ मध्ये मात्र ती गोळी त्याला समजून घेण्याइतके प्रेम करणाऱ्या व्यक्तीच्या हातूनच सुटली पाहिजे, अशी अट घालून लेखकांनी परतीची वाट स्वतःच बंद केली. ६७ मिनिटे म्हणजे डिस्क पूर्ण आहे. खुलासा मुळातच नाही.

गंधकाचा कुंड: याच मालिकेतल्या फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा साथीदार इगोर, त्याला का विसरता? १९३९ मध्ये त्याला गोळ्या घातल्या आणि १९४२ मध्ये तो किल्ल्यात ठणठणीत बसलेला आहे! बेला लुगोसीची ती भूमिका मला त्याच्याच ड्रॅक्युलापेक्षाही सरस वाटते.

रात्रपाळी: ड्रॅक्युलाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, १९३१ ची स्पॅनिश आवृत्ती अवश्य पाहावी. त्याच सेटवर रात्री चित्रीकरण करून ती वेगळ्या नटसंचासह तयार केली होती आणि तिच्यातील कॅमेऱ्याची हालचाल इंग्रजी आवृत्तीपेक्षा कितीतरी मोकळी आहे.

मध्यंतर: मी स्पॅनिश आवृत्तीबद्दल विचारलेले नाही. खुलासाच नसेल, तर मंडळात सांगू काय?

जुनी रीळ: त्याच १९४५ च्या भागातील गुहा पुन्हा पाहा. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस चिखलात रुतलेला सापडतो आणि शेजारी १९४४ च्या भागातील वेडा शास्त्रज्ञ डॉक्टर नीमन याचा सांगाडा असतो, कारण मागच्या भागात दोघे दलदलीत एकत्रच बुडाले होते. म्हणजे जोडकाम करणे लेखकांना जमत होते. उन्हात हाडांचा सापळा होऊन संपलेला ड्रॅक्युला मात्र टॅलबॉटसारखाच, एका शब्दाच्याही खुलाशाविना, पाहुणा म्हणून येतो. तिघांपैकी एकाचीच वाट दाखवली, हे मंडळात सांगावे.

पौर्णिमा: चांदणे हे कारण मला अजूनही पटते.

जुनी रीळ: मग याच भागाच्या शेवटी तो पूर्ण बरा होऊन चंद्राकडे निर्धास्त पाहतो आणि १९४८ मध्ये पुन्हा लांडगा होतो, त्याचे काय?

गंधकाचा कुंड: मध्यंतर, ती डिस्क कुठे मिळाली?