सिंगापूर क्रूझ: बिल कोणत्या चलनात, बॅगा कोणाच्या हातात

*(सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, मनीष नगर, नागपूर)*

बी-३०४: नमस्कार सगळ्यांना. दिवाळीनंतर आम्ही सिंगापूरहून क्रूझला जाणार आहोत. पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. सासूबाई, मुलं धरून सहा जण. एजंट म्हणतो कार्ड चालते, काही टेन्शन नाही. पण माझ्या मैत्रिणीचं जहाजावर दाखवलेलं बिल आणि खात्यातून गेलेले पैसे यांत बराच फरक पडला. शिवाय बॅगांची धास्ती आहे. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा प्लीज.

सी-५०२: वहिनी, फॉरेक्स कार्ड घ्या, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड, डॉलर भरा, विषय संपला.

ए-१०१: एवढ्यात संपत नाही रे बाळा. ताई, मी बँकेत परकीय चलनाचं काम बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जहाजावर रोजच्या खर्चाला रोख लागत नाही. पहिल्या दिवशी तुमचं कार्ड नोंदवतात, मग खोलीचं कार्ड दाखवून सगळी खरेदी होते आणि शेवटी एकत्र बिल लागते. बिल जहाजाच्या चलनात असते. सिंगापूरहून निघणाऱ्या काही जहाजांवर अमेरिकन डॉलर, काहींवर सिंगापूर डॉलर. पण काही क्रूझ कंपन्या कार्ड भारतीय दिसलं की रक्कम आपणहून रुपयांत बदलतात. माणसाला वाटते बरं झालं, आपल्या पैशात आकडा कळला. घाटा तिथेच होते. तो दर तुमच्या बँकेचा नसतो, बदलून देणाऱ्याचा असतो आणि त्याचा नफा त्यात आधीच धरलेला असतो. वरून बऱ्याच भारतीय बँका परदेशी व्यापाऱ्याने रुपयांत कापलेल्या रकमेवरही शुल्क लावतात, त्या शुल्कावर जीएसटी. तुमच्या मैत्रिणीचं बहुतेक हेच झालं असेल.

म्हणून चढल्या दिवशीच गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जायचं आणि सांगायचं की माझं बिल जहाजाच्या चलनातच लावा, रुपयांत बदलू नका. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, तेव्हा रांग असते आणि कधी कधी बिल आधीच पुढे गेलेलं असते. फुकेतच्या दुकानात मशीनवर रुपये की बाट (थायलंडचं चलन) असं विचारलं तर बाट. एटीएमवरही तेच.

बी-३०४: काका, मग बँक काहीच घेत नाही का?

ए-१०१: घेते ना. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचं वरचं शुल्क, साधारण २ ते ३.५ टक्के असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. समजा बिल १,००० डॉलर आणि मार्कअप ३.५ टक्के. ३५ डॉलर मार्कअप, ६ डॉलर ३० सेंट जीएसटी. म्हणजे ४१ डॉलर ३० सेंट नुसते वरचे. शून्य मार्कअपची कार्डंही मिळतात, घरात कोणाकडे आहे का ते आधी बघा. आणि कार्डावर परदेशातला वापर बँकेच्या अॅपमधून सुरू करून घ्या. २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरासाठीच सुरू होऊन येतात.

सी-५०२: म्हणूनच म्हटलं फॉरेक्स कार्ड. मार्कअपच नाही.

ए-१०१: कार्डात भरलेलं चलन आणि बिलाचं चलन एकच असेल तर नाही. कार्डात अमेरिकन डॉलर आणि जहाजाचं बिल सिंगापूर डॉलरमध्ये, तर क्रॉस करन्सीचं, म्हणजे एका परकीय चलनातून दुसऱ्यात बदलण्याचं शुल्क लागते. म्हणून एजंटला आधी जहाजाचं चलन विचारा, मगच कार्ड भरा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जहाजवाले नोंदवलेल्या कार्डावर आगाऊ रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर नुसती मर्यादा अडकते. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला कितीतरी दिवस जातात. सहा जणांच्या खर्चाची रक्कम अडकली तर फुकेतला उतरून कार्ड रिकामं दिसेल. म्हणून जहाजावर क्रेडिट कार्ड नोंदवा आणि फॉरेक्स कार्ड बंदरावरच्या खर्चासाठी खिशात ठेवा.

सी-५०२: हे मला खरंच माहीत नव्हतं काका. 🙏

बी-१०२: रोख किती न्यायची?

ए-१०१: थोडीच. नियमाने एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात, पण एवढ्या कशाला? टॅक्सी, चहापाणी, सटरफटर एवढ्यापुरत्या घ्या. उरलेल्या नोटा परत विकताना दर पडतो. सदर किंवा सीताबर्डीत परवानाधारक मनी चेंजरकडे दोन-तीन ठिकाणी दर विचारून घ्या, विमानतळावरच्या खिडकीसाठी ठेवू नका. पासपोर्ट, तिकीट, पॅन लागते. ५०,००० रुपयांच्या वर असेल तर रोख देऊन मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइन. आणि टूरच्या बिलात टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला कर दिसेल, त्याला चार्ज समजू नका. रिटर्न भरताना तो तुमच्या कराच्या हिशेबात धरला जाते. पावती जपून ठेवा.

सेक्रेटरी: टँकर गेटवर आला आहे. डी विंगसमोरची पांढरी गाडी कोणाची? लवकर काढा.

डी-२०३: काढली जी.
आता बॅगांचं मी सांगते. आम्ही जाऊन आलो ना मागे. बंदरावर पोहोचलं की हमाल बॅगा घेऊन जातात, त्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येतात. दुपारभर बॅग तुमच्याजवळ नसते, हे ध्यानात ठेवा. पासपोर्ट, औषधं, दागिने, चार्जर, एक जोडी कपडे सगळं हातातल्या पिशवीत. पोरांचे पोहायचे कपडे पण. पूल उघडा दिसला की ती थांबत नाहीत बाप्पा.

आमची एक बॅग रात्रीपर्यंत आलीच नाही. मी तर रडकुंडीला आली. मग कळलं, आत इलेक्ट्रिक केटल होती म्हणून सिक्युरिटीने खाली ठेवून घेतली होती. जहाजावर आगीची फार भीती, म्हणून इस्त्री, केटल, एक्स्टेन्शन बोर्ड काही चालत नाही.

बी-३०४: अरे देवा. सासूबाईंच्या खिचडीसाठी छोटा कुकर न्यायचा विचार होता.

डी-२०३: बिलकुल नको. संत्री सोलायची सुरी पण नको. घरचा शिजवलेला डबाही बऱ्याच जहाजांवर नेऊ देत नाहीत, पाकीटबंद चालते. सासूबाईंचं जेवण बुकिंगमध्येच लिहून घ्या, जैन जेवण सांगितलं तर कांदा-लसूण नसलेलं मिळते.
आणि खोलीच्या नंबरचे टॅग घरूनच छापून न्या, चिकटपट्टी लावून पक्के करा. फाटलं की बॅग भलत्याच डेकवर जाते. शेवटच्या रात्री बॅगा बाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, चप्पल आधी बाजूला काढा. सासूबाईंची काठी पण.

बी-१०२: औषधांबद्दल डॉक्टर म्हणून सांगतो. पूर्ण प्रवासाच्या गोळ्या आणि वर चार-पाच दिवसांच्या जास्तीच्या, हातातल्या पिशवीतच. प्रिस्क्रिप्शन सोबत. आजींना इन्सुलिन असेल तर चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका.

ए-४०३: मी विमानतळावर ग्राउंड हँडलिंगला आहे. क्रूझची बॅग बहुतेक वेळा जहाजावर नाही, विमानप्रवासातच मागे राहते. म्हणून माझा सगळ्यात मोठा आग्रह, एक दिवस आधी सिंगापूरला पोहोचा. त्याच दिवशी विमानातून उतरून जहाजावर चढायचं म्हणजे बॅगेला मागून यायला वेळच उरत नाही. जहाज निघून गेलं की समुद्रात बॅग कोण आणून देणार?

सहा जणांचे कपडे सगळ्या बॅगांत वाटून भरा. एक बॅग राहिली तरी कोणी अंगावरच्या कपड्यावर राहणार नाही. आतमध्ये नाव, फोन आणि जहाजाचं नाव लिहिलेला कागद टाका. बॅगांचे फोटो काढा, आतल्या सामानाचेही. सोनेगाव विमानतळावर काउंटरवर टॅग लावला की त्यावर सिंगापूर लिहिलं आहे की मुंबई, ते वाचा. काउंटर सोडण्याआधी वाचा, नंतर नाही. पॉवर बँक हातातल्या पिशवीत.

बी-३०४: आणि बेल्टवर आलीच नाही तर?

ए-४०३: हॉलच्या बाहेर पडायचं नाही. तिथेच विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर लिहून घ्यायचं, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल. त्याचा नंबर मिळतो, विमाही त्याच्याशिवाय हलत नाही. पत्ता म्हणून घरचा देऊ नका. जहाजाचं नाव, सुटायची वेळ, पेनांग आणि फुकेतच्या तारखा द्या, म्हणजे बॅग पुढच्या बंदरावर पाठवता येते. गरजेचे कपडे विकत घेतले तर पावत्या ठेवा.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो. बॅग तुटलेली मिळाली तर ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. भरपाईची मर्यादा डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे, ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं एकक आहे, अंदाजे दोन हजार डॉलर. पण ही कमाल मर्यादा आहे, सरसकट मिळत नाही, नुकसान दाखवावं लागते. मंगळसूत्र बॅगेत टाकून या भरवशावर राहू नका.

ए-१०१: विम्यात बॅग उशिरा येण्याचं कलम किती तासांनंतर लागू होते आणि जहाजावरचं सामान त्यात धरलं आहे का, दोन्ही घेण्याआधी वाचा.

ए-४०३: वहिनी, नागपूर-मुंबई आणि मुंबई-सिंगापूर एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर आहे ना?

बी-३०४: थांबा, बघते.
नाही हो. दोन वेगळे पीएनआर आहेत. मुंबईत मधे तीन तास.

ए-४०३: मग मुंबईला बॅगा बेल्टवरून घेऊन पुन्हा चेक-इन कराव्या लागतील. आजी आणि मुलांना घेऊन तीन तास फार कमी आहेत. नागपूरचं विमान उशिरा सुटलं तर दुसरं तिकीट गेलं, कंपनी जबाबदारी घेणार नाही. एजंटला आजच फोन करा, सगळं एका पीएनआरवर करून मागा. जमत नसेल तर आदल्या रात्री मुंबई गाठा.

बी-३०४: लावला फोन. तो म्हणतो फरकाचे पैसे भरून एका पीएनआरवर होऊ शकते, उद्या दुपारपर्यंत सांगतो. जहाजाचं चलनही विचारलं, अमेरिकन डॉलर आहे.

ए-१०१: छान. मग फॉरेक्स कार्डात बाट आणि सिंगापूर डॉलर भरा, आणि जहाजावर क्रेडिट कार्ड. कोणत्या कार्डाला मार्कअप किती, ते मला पाठवा, आज रात्री बघून सांगतो.