अलंकारांची नावं पाठ करून कविता कळते का?

उंबरठा:
मुद्दा सरळ मांडतो, मग काय ती झोडपाझोडपी करा. शाळेत अलंकार, वृत्तं, रस यांची नावं ज्या पद्धतीने डोक्यात कोंबतात, त्याने मुलांची कवितेशी ओळख होण्याआधीच मोडते. भाची दहावीला आहे. तिची व्याकरणाची वही चाळली. उपमा: 'हा आंबा साखरेसारखा गोड आहे.' उत्प्रेक्षा: 'हा आंबा म्हणजे जणू साखरच.' व्यतिरेक: 'साखरेहून गोड.' अपन्हुती: 'हा आंबा नाही, ही साखरच.' एका आंब्यात चार अलंकार उरकलेत. गाईडवाल्यांच्या काटकसरीला दाद द्यायला हवी, पण यात कविता कुठे आहे?

पुढच्या पानावर 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर'. अलंकार ओळखा. उत्तर चेतनगुणोक्ती, निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते म्हणून. गुण मिळाला, विषय संपला. बालकवींच्या या आठ ओळींवरून आपले समीक्षक पिढ्यानपिढ्या भांडत आलेत. कुणाला त्यात नुसतं निसर्गचित्र दिसतं, कुणाला उदासी, कुणाला थेट मृत्यू. भाचीला विचारलं तर म्हणाली, "झाड बसलंय ना मामा, म्हणून चेतनगुणोक्ती." तिला बाकीच्या सात ओळी आठवत नव्हत्या.

माझं मत: दहावीपर्यंत ही नावं बाद करावीत. कविता मोठ्याने म्हणा, त्यावर बोला, बास. बहिणाबाईंना उपमेय-उपमान कुणी शिकवलं होतं?

तिखटमीठ:
हजार वेळा सहमत. मला आजही 'उत्प्रेक्षा' हा शब्द ऐकला की घाम फुटतो. ओळखायची खूण तेवढी पक्की आहे: जणू, गमे, वाटे, भासे, की. ओळीत यातलं काही दिसलं की डोळे मिटून उत्प्रेक्षा लिहायची. ओळ वाचायचीसुद्धा गरज नाही.

गणमात्रा:
उंबरठा, उदाहरण तुम्ही निवडलंत ते तुमच्यावरच उलटतंय. चेतनगुणोक्ती म्हटल्यावर थांबायला कुणी सांगितलं? ज्याला ही गोष्ट नावानिशी माहीत आहे तो मागे वळून बघतो, की या कवितेत आणखी कोण सजीवासारखं वागतंय. बघा मग. झरा 'हिरवाळी घेउन' निघालाय, म्हणजे दोन्ही तट बरोबर घेऊन चाललाय. पायवाट शेतमळ्यांतून 'अडवीतिडवी' पडते आणि पुढे 'हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे'. चालली! म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाहतंय, चालतंय, कुठेतरी निघालंय. आणि शेवटी एकटा औदुंबर बसलाय. तोही जिकडे वाट चालली होती तिथेच, पाण्यात पाय सोडून. त्याचं बसणं आपल्याला लागतं ते आधीच्या चालण्यामुळे.

रंगही त्याच वाटेने जातात. हिरवा, निळासावळा, पांढरी पायवाट आणि शेवटी काळा डोह, 'गोड काळिमा'. आता यात मृत्यू दिसतो की दुपारची सुस्ती, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला सुस्ती दिसते. पण ठरवण्यापुरता ऐवज हाती आला तो अलंकार ओळखल्यामुळे. भाचीला कुणी दुसरा प्रश्नच विचारला नाही, हा दोष परीक्षेचा. चेतनगुणोक्तीने काय घोडं मारलंय?

निवृत्त खडू:
तीसेक वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

बहिणाबाईंचं नाव या वादात नेहमी येतं, तर त्यांच्यापासूनच सुरू करू. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तंव्हा मिळते भाकर.' पूर्ण उपमेला चार गोष्टी लागतात: उपमेय, उपमान, दोघांना जोडणारा शब्द आणि दोघांत सारखं असलेलं काहीतरी, म्हणजे साधारण धर्म. संसार, तवा, 'जसा', हे तिन्ही पहिल्या दोन ओळींत मिळतात. चौथं मात्र बाईंनी राखून ठेवलंय. संसार तव्यासारखा म्हणजे कसा? काळा? तापलेला? जड? वाचणारा क्षणभर अडतो, मग चटका येतो आणि सगळ्यात शेवटी भाकर. हा क्रम फिरवून बघा, आधी भाकर आणि मग चटके. तक्रार उरते, बाकी काही नाही. साधारण धर्म कुठे ठेवलाय हे बघायची सवय मुलाला लागली, तर तो गाण्यातली, जाहिरातीतली, पुढाऱ्याच्या भाषणातली उपमासुद्धा उलगडून बघतो.

त्यांना नावं माहीत नव्हती हे खरंच. लिहिता-वाचताही येत नव्हतं. पण जात्यावरच्या ओवीची लय कानात इतकी मुरलेली होती, की त्यांना शिकायचं काही उरलं नव्हतं. आज किती घरांत जातं आहे? आमच्या वर्गात येणाऱ्या पोराच्या कानावर काय पडतं ते तुम्हीही जाणता. शिवाय बहिणाबाई कविता करत होत्या. आपण वाचतोय. गुगली टाकणाऱ्याला तिचं नाव माहीत नसलं तरी चालतं, पण सामना बघून त्यावर चार माणसांत बोलायचं तर शब्द लागतोच.

वृत्तांचंही तेच. 'यमाताराजभानसलगम्', म्हणजे गण लक्षात ठेवायचं सूत्र, मी फळ्यावर सगळ्यात शेवटी लिहायचो. आधी 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हणत टाळ्या. म-ना-सज्, ज-ना-भक्, ति-पं-थे, चि-जा-वे. लघु गुरु गुरु, चार वेळा. पाचवीतल्या पोरांनाही जमतं. मग सांगायचं की याला भुजंगप्रयात म्हणतात, ओळीत बारा अक्षरं, चारही 'य' गण. नाव उशिरा आलं की टिकतं.

उंबरठा:
खडू सर, शेवटच्या वाक्यात तुम्ही माझीच बाजू घेतलीत, त्याबद्दल आभार. गुगली मी मैदानावर बघून शिकलो, व्याख्या घोकून नाही.

आता परंपरेकडेच येतो, कारण गणमात्रा यांना ती प्रिय आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार किती? चार. उपमा, रूपक, दीपक, यमक. अप्पय दीक्षितांच्या 'कुवलयानंद' या अलंकारांवरच्या ग्रंथापर्यंत येईतो ते शंभराच्या वर गेले. मधल्या हजारावर वर्षांत कविता पंचवीसपट बारकाईने वाचली जाऊ लागली असं कुणी म्हणेल का? नावं ठेवण्याचा छंद वाढला, एवढंच. आणि याच परंपरेत नवव्या शतकात आनंदवर्धनांनी 'ध्वन्यालोका'त सांगून ठेवलं की काव्याचा आत्मा ध्वनी. जे शब्दांत म्हटलेलंच नाही पण ऐकू येतं, ते. अलंकार त्याच्या सेवेला. आपण शाळेत नेमकं सेवकाला गादीवर बसवलंय. व्यंजनेचा, म्हणजे शब्दाच्या या सूचक शक्तीचा, धडा असतो, त्यात दोन-चार घरगुती वाक्यं, की निघालो पुढे. कवितेत ती कुठे आहे हे कुणी दाखवत नाही.

गणमात्रा:
ध्वनी, व्यंजना हीसुद्धा नावंच आहेत की हो! तुमचा आक्षेप मांडायला तुम्हाला दोन पारिभाषिक शब्द लागले. नावं बाद केली असती तर हा प्रतिसाद लिहिता आला असता का?

आणि वृत्ताबद्दल एक. मर्ढेकरांची ती ओळ घ्या, 1947 च्या 'काही कविता'मधली: 'पिपांत मेले ओल्या उंदिर'. मात्रा मोजा, लघूची एक, गुरूच्या दोन. पि-पां-त-मे-ले आठ, ओ-ल्या-उं-दि-र आठ. पुढची, 'माना पडल्या, मुरगळल्याविण'. पुन्हा आठ आणि आठ. सोळा मात्रांचं सरळ पादाकुलक, बालकवितेला चालेल असं गोजिरं. त्या लयीवर मेलेले उंदीर आणून टाकलेत. ओळ अंगावर येते त्यात विषयाइतकाच या विसंगतीचा हात आहे, आणि मात्रा मोजल्याशिवाय तो दिसत नाही. 'काहीतरी भयंकर आहे' एवढंच जाणवत राहतं. मी स्वतः कॉलेजात ही कविता मुक्तछंद समजणाऱ्या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकलोय. नाव विचारू नका.

फुटपाथ:
तुमचं सगळं बालकवी आणि मर्ढेकरांवर चाललंय म्हणून जमतंय. नामदेव ढसाळांचा 1972 चा 'गोलपिठा' उघडा आणि दाखवा चेतनगुणोक्ती. अलंकार सापडतील, नाही असं नाही, खच पडलाय. पण ढसाळांची कविता वाचताना माणूस अडतो तो मुंबईतल्या वेश्यावस्तीतल्या बोलीवर, धंद्यातल्या शब्दांवर, शिव्यांवर. तिथे कुवलयानंद घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. ही सगळी परिभाषा दरबारी आणि आश्रमी कवितेसाठी बनली. तिच्यात न बसणारी कविता ही मग आपोआप 'ओबडधोबड' ठरते. आमच्या पिढीने हे ऐकलंय, वर्गात, मोठ्या बाकांवरून. म्हणून या नावांची मला जरा धास्तीच वाटते.

निवृत्त खडू:
फुटपाथ, तुमचं शेवटचं मान्य, तसं बोललं गेलंय. परिभाषा दरबारी म्हणालात ते नाही पटत. यमक, अनुप्रास भारुडात आहेत, ओवीत आहेत, लावणीत आहेत. मोरोपंतांच्या 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो'मध्ये जो यमक आहे तोच तमाशातल्या फटक्यात आहे. आणि मुक्तछंदासाठी नवी परिभाषा हवी असेल तर ती करा. मर्ढेकरांनी 'भावनानिष्ठ समतानता' (भावनेच्या पातळीवरची समानता) म्हणून बघितलंच की. नावंच नकोत म्हटलं तर तीही गेली.

काफियावाला:
मधेच नाक खुपसतो. गझलेच्या कार्यशाळेत या कधीतरी. रदीफ, काफिया, अलामत, मतला, मक्ता, लगावली. पहिल्या दोन तासांत एवढे शब्द कानावर पडतात. बँकेतला कारकून, शेतकरी, कॉलेजची पोरं, सगळे वहीत उतरवून घेतात. 'अवघड आहे, बाद करा' असं कुणी म्हणत नाही. कारण संध्याकाळी स्वतःचा शेर लिहायचा असतो आणि अलामत, म्हणजे काफियातला न बदलणारा स्वर, चुकली की शेजारचा लगेच टोकतो. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून वाटली ती याचसाठी. शाळेतल्या पोराला अलंकार शिकवता, पण एक तरी उपमा स्वतः करायला लावता का?

तिखटमीठ:
आम्हाला निबंधात लावायचे. 'पावसाळ्यात सृष्टी हिरवा शालू नेसते.' दरवर्षी तोच शालू.

पदभरती2:
नमस्कार. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, वाद वाचून डोकं गरगरलं. सराव प्रश्नपत्रिकेत बहिणाबाईंची 'मन वढाय वढाय' आहे, अलंकार कोणता? पर्याय: उपमा, रूपक, व्यतिरेक, अतिशयोक्ती. एका क्लासच्या पुस्तकात रूपक दिलंय, दुसऱ्यात उपमा.

गणमात्रा:
दोन्ही बरोबर, मजा तीच आहे. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर': इथे 'सारखं' नाही की 'जसं' नाही, मन हेच ढोर. रूपक. लगेच पुढचं कडवं, 'मन मोकाट मोकाट, त्याले ठायी ठायी वाटा, जशा वाऱ्यानं चालल्या पान्यावरल्या रे लाटा'. 'जशा' आलं, उपमा. पुढे 'मन जह्यरी जह्यरी', तिथे 'अरे इचू साप बरा, त्याले उतारे मंतर', म्हणजे मन सापाच्याही वरचढ. व्यतिरेक. आणि खसखशीच्या दाण्याएवढं मन आभाळातही मावेना, ही अतिशयोक्ती. तुमचे चारही पर्याय एकाच कवितेत आहेत. मन एका जागी ठरत नाही म्हणून अलंकारही ठरत नाही. हे दिसलं की कविता दिसली.

उंबरठा:
सुंदर. आणि हे सगळं लिहून पोराला गुण किती? शून्य. एकाच पर्यायाला खूण करायची असते. माझं म्हणणं एवढंच होतं.

पदभरती2:
तरी खूण कशाला करू ते सांगा.

निवृत्त खडू:
प्रश्नात कुठलं कडवं छापलंय ते बघ. ढोर असेल तर रूपक. लाटा असतील तर उपमा. दोन्ही छापली असतील तर उत्तरतालिका आली की हरकत नोंदव, मुदत थोडी असते, विसरू नकोस.