मशीन लावली की सुटत नाही, असं नसतं

भाऊ, तुम्ही लिहिलंय की एकदा व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारी मशीन, लावलं की माणूस परत येत नाही, मला हे अजिबात पटत नाही. आमच्या नानांना कपाशीवर फवारताना ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाची विषबाधा झाली, दुसऱ्या दिवशी लाळ-घाम थांबला, आम्हाला वाटलं निभावलं, आणि तिसऱ्या दिवशी उशीवरून मानच उचलेना, श्वास उथळ, मग जळगावला मशीनवर घ्यावं लागलं. या विषात २४ ते ९६ तासांनी असे स्नायू ढिले पडतात, आपल्याकडे फवारणीच्या दिवसांत हे लक्षात ठेवाच.

आता कधीकधी मशीन लवकर सुटत का नाही, तर मशीनच सगळं काम करते तेव्हा छातीखालचा श्वास ओढणारा स्नायूचा पडदा दोन-तीन दिवसांतच बारीक व्हायला लागतो. त्यात रक्तात फॉस्फेट-पोटॅशियम कमी, अंगात पाणी साचलेलं, हार्ट कमजोर, झोपेचं औषध जास्त, किंवा बाई जन्मभर चुलीच्या धुरात बसून फुफ्फुसं खराब झालेली, यातलं काहीही असू शकतं आणि बरंचसं दुरुस्त होतं, म्हणून डॉक्टरांना कारण विचारा.

मशीन सोडवायला रोज तिचा सपोर्ट कमी करून अर्धा ते दोन तास स्वतःच्या श्वासावर ठेवून बघतात. पेशंट तयार आहे का हे बघायला एक हिशेब करतात: मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासातली हवा लिटरमध्ये, उत्तर १०५ च्या आत हवं. नानांचं आधी ३६ भागिले ०.२५, म्हणजे १४४, नापास. नंतर २४ भागिले ०.४, म्हणजे ६०. त्या दिवशी त्यांनी मान पाच सेकंद वर धरली, संध्याकाळी घशातली श्वासाची नळी निघाली.